पॅनेल आधी, कंप्युटर शेवटी

कंप्युटर सांगत होता की कोल्ड स्टोरेजमधली कोळंबी तीन दिवस अधिक नऊ डिग्रीत पडून आहे. दामूदादा सांगत होते की ती वजा वीसमध्ये आहे. दोघांपैकी एकाचं खरं मानायचं होतं आणि अशोकशेठनी कंप्युटरचं मानायचं ठरवलं होतं. कारण सोपं होतं. कंप्युटरचं उद्घाटन झालं होतं, दामूदादांचं नव्हतं.

मी कोपरीतल्या त्या प्लांटवर पोचले तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. ऑफिसच्या काचेच्या खोलीत तिघे होते. प्लांटचे मालक अशोकशेठ टेबलामागे. समोर खरेदीदार कंपनीचा तपासनीस पिंटो, चष्मा कपाळावर सरकवून प्रिंटरच्या लांबलचक कागदाची घडी उलगडत बसलेला. आणि दाराशी दामूदादा, हातात टोपी घेऊन उभे. दामूदादा त्या प्लांटचे ऑपरेटर. अशोकशेठच्या वडिलांनी खाडीकाठी बर्फाचा कारखाना काढला तेव्हापासूनचे. खुर्ची रिकामी होती, पण ते उभे होते. त्यावरूनच मला कळलं की प्रकरण कुठपर्यंत गेलं आहे.

"या मॅडम," अशोकशेठ म्हणाले. "तुमचा कंप्युटर बोलला म्हणून कळलं तरी. नाहीतर ह्या माणसाने मला बुडवलं असतं."

"मी काय केलाय ता तरी सांग," दामूदादा म्हणाले.

"काकू आजारी म्हणून तीन दिवस तुझं लक्ष नव्हतं, दामूकाका. कॉम्प्रेसर बंद ठेवून झोपलास की दरवाजा उघडा टाकलास, ते तुलाच माहीत. आजपासून तू घरी बस."

पिंटोनं कागदाची पुढची घडी उलगडली.

थोडं मागचं सांगते. ही नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या काही वर्षांतली गोष्ट. मी डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या एका छोट्या फर्ममध्ये सॉफ्टवेअरचं काम करायचे. मालक पराडकर साहेब. आम्ही कारखान्यांसाठी पॅनेल बनवायचो, म्हणजे स्विच, दिवे, मीटर बसवलेली लोखंडी कपाटं. जमाना बदलतोय म्हणून साहेबांनी पॅनेलसोबत कंप्युटरही द्यायला सुरुवात केली होती. कंप्युटर जुना, ४८६ जातीचा. त्यावर लिनक्स ही प्रणाली, कारण ती फुकट होती आणि बंद पडत नव्हती. साहेबांना ह्यातलं पहिलं कारण जास्त आवडायचं.

अशोकशेठची कोळंबी परदेशी जायची. परदेशातल्या खरेदीदाराला नुसता थंड माल चालत नव्हता. तो सतत थंड होता ह्याचा कागद लागत होता. म्हणून आम्ही दोन ठिकाणी तापमान मोजायची सोय केली. एक कोल्ड स्टोरेज, जिथे वजा वीसमध्ये माल साठवतात. दुसरी त्याच्या बाहेरची लोडिंगची खोली, जिथे टेम्पो लागतो. ती जेमतेम आठ-नऊ डिग्रीला असते. दर दहा मिनिटांनी प्रिंटर एक ओळ छापायचा: वेळ, कोल्ड स्टोरेज, लोडिंग.

पावसाळ्यात प्लांट दुरुस्तीसाठी बंद होता, तेव्हा मी हे सगळं बसवलं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून झाला, होड्या बाहेर पडल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्लांट सुरू करायचं ठरलं. नुसता सुरू नाही. 'संपूर्ण संगणकीकृत' असा कापडी बोर्ड लावून. प्रमुख पाहुणे होते, त्यांच्यासोबत आणखी सहा पाहुणे होते, आणि त्या सहांना आपण प्रमुख नाही ह्याचं वाईट वाटत होतं. पाहुण्यांनी कंप्युटरचं बटण दाबलं. मॉनिटरला झेंडूचा एवढा मोठा हार घातला होता की स्क्रीनवर काय उमटतंय ते फक्त झेंडूला दिसत होतं. कंप्युटर 'टुक्' असा वाजला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तीन दिवसांनी पिंटो कागद तपासायला आला आणि त्याला 'कोल्ड स्टोरेज'च्या रकान्यात तीन दिवस अधिक आठ, अधिक नऊ, अधिक चौदा असे आकडे दिसले. तोवर ते कागद कोणी वाचले नव्हते. ते रोज संध्याकाळी नीट घडी करून अशोकशेठच्या काचेच्या कपाटात जायचे आणि कपाटाची किल्ली अशोकशेठच्या खिशात.

पिंटोनं आकडे दाखवल्यावर अशोकशेठनी घाबरून आमच्या ऑफिसला फोन केला. फोन मी घेतला. आणि इथे मी ती चूक केली जी आमच्या धंद्यातले सगळेच करतात.

मी म्हटलं, "कंप्युटर एकदा बंद करून चालू करा."

त्यांनी केला. कंप्युटर पुन्हा सुरू झाला आणि पुढच्या ओळीला कोल्ड स्टोरेज वजा वीस दाखवू लागला.

मला वाटलं होतं, प्रश्न सुटला. तो सुटला नव्हता, त्याचा पुरावा तेवढा मी पुसून टाकला होता. अशोकशेठनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. पिंटो आल्याचं कळताच दामूनं धावत जाऊन काहीतरी केलं, आणि म्हणून आता तापमान बरोबर आलं. कंप्युटर तेव्हाही खरं बोलत होता आणि आताही खरंच बोलतोय.

पिंटो मात्र ऐकेना, म्हणून मला लगेच बोलावलं. निघताना पराडकर साहेबांनी बजावलं होतं, "अगं वैशाली, जा, बघ, काय ते कर. पण काही कबूल करू नकोस."

मी सगळ्यात आधी कागद मागितला.

"अशोकशेठ, ही दहा वाजून दहा मिनिटांची ओळ. अधिक नऊ. ही दहा वीसची. वजा वीस. आत माल किती आहे?"

"तीस टन."

"तीस टन माल दहा मिनिटांत एकोणतीस डिग्री खाली आला?"

"तेच मी सांगताव सकाळपासून," दामूदादा म्हणाले. "ताजा माल गोठवाया आख्खा दिस जाते. दहा मिन्टान कय होनार? ह्ये काय कुल्फी हाय?"

पिंटो पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "मान्य. म्हणजे कागद चुकीचा. पण मॅडम, चुकीच्या कागदावर मी कंटेनर सोडू शकत नाही. माल आत्ता वजा वीसला आहे, मी स्वतः थर्मामीटर खुपसून बघितलं. पण मधे वितळून परत गोठला असेल तर? कागद का चुकला आणि खरं तापमान काय होतं, दोन्ही पाहिजे. परवा कंटेनर लागतो. उद्या दुपारी मी अहवाल देणार. माल पास, नाहीतर नापास."

नापास म्हणजे तीस टन कोळंबी मिळेल त्या भावात गावातल्या बाजारात. आणि दामूदादा घरी. अशोकशेठचं नुकसान पुढच्या मोसमात भरून निघालं असतं. पन्नाशी ओलांडलेल्या, माल सडवला असा शिक्का बसलेल्या ऑपरेटरला खाडीच्या ह्या किंवा त्या काठावर कोणी कामावर ठेवलं नसतं.

मी कंप्युटरसमोर बसले. कागदावरचा तिसरा रकाना मला खटकत होता. ज्या तीन दिवसांत 'कोल्ड स्टोरेज' अधिक नऊ होतं, त्या तीनही दिवसांत 'लोडिंग'च्या रकान्यात आकडाच नव्हता, नुसत्या रेघा होत्या. उत्तर आलं नाही तर रेघ मारायची, असं मीच लिहिलं होतं. म्हणजे लोडिंगचं यंत्र तीन दिवस गप्प होतं आणि कोल्ड स्टोरेजच्या नावाखाली आलेला आकडा लोडिंगच्या खोलीला शोभेल असा होता.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल. फार नाही.

लिनक्समध्ये कंप्युटरला जोडलेल्या प्रत्येक वस्तूसाठी एका ठरावीक फोल्डरमध्ये एक छोटी नोंद असते. तिला डिव्हाइस नोड म्हणतात. दारावरची पाटी समजा. पाटीवर नाव असतं, 'कोल्ड स्टोरेज'. पाटीच्या मागे एक नंबर असतो. माझा प्रोग्रॅम फक्त नाव वाचतो. लिनक्स फक्त नंबर बघते आणि तो नंबर ज्या ड्रायव्हरकडे असेल त्याच्याकडे निरोप पोचवते. ड्रायव्हर म्हणजे त्या वस्तूशी तिच्या भाषेत बोलणारा दुभाषी. आमच्याकडे असे दोन ड्रायव्हर होते, दोन्ही मी लिहिलेले.

नामांकित कंपन्यांच्या वस्तूंना कायमचे नंबर असतात. आमच्यासारख्या फुटकळ लोकांच्या ड्रायव्हरला कंप्युटर सुरू होताना जो मोकळा असेल तो नंबर मिळतो. डॉक्टरच्या दवाखान्यात कंपाउंडर टोकन देतो ना, तसा. फक्त लिनक्स वरून खाली येते. पहिल्याला १२७, दुसऱ्याला १२६. कंप्युटर सुरू होताना चालणारी माझी आदेशांची यादी आधी कोल्ड स्टोरेजच्या ड्रायव्हरला रांगेत उभी करायची, मग लोडिंगच्या. म्हणून कोल्ड स्टोरेजला नेहमी १२७ आणि लोडिंगला १२६. पहिल्या दिवशी मी ते नंबर बघितले आणि दोन पाट्या हातानं बनवून ठेवल्या. कायमच्या. म्हणजे एका दिवसाच्या टोकनचे नंबर मी ऑइल पेंटनं दारावर रंगवून टाकले होते.

ते चालत राहिलं, कारण टोकनं रोज त्याच क्रमानं वाटली जात होती. मग त्या दिवशी क्रम का बदलला?

"दामूदादा," मी विचारलं, "तुम्ही प्लांट सुरू कसा करता? पहिल्यापासून सांगा."

"पयला पॅनेल. पॅनेलचा मेन टाकाचा, दिवे बगाचे. मंग पंप. मंग कॉम्प्रेसर. त्यो नीट धापेला लागला क मंग तुमचा कंप्युटर. कंप्युटर शेवटी."

"शेवटी का?"

"कॉम्प्रेसर सुरू झाला क लायटी डुलक्या मारतान. तुमचा डबा तवा बंद परते. येकदा परला, दोनदा परला. मंग मी ठरवला, ह्याला शेवटी उठवाचा. लान पोराला कसा झोपू देतान, तसा."

दुरुस्तीच्या महिन्यात मी प्रत्येक चाचणी ह्याच क्रमानं केली होती, कारण स्विच दामूदादांच्या हातात होते. मला वाटत होतं, माझा प्रोग्रॅम चालतोय. चालत होती ती दामूदादांची सवय.

"आणि उद्घाटनाच्या दिवशी?"

दामूदादांनी अशोकशेठकडे बघितलं. अशोकशेठनी पंख्याकडे बघितलं.

"त्या दिवशी पाव्हन्यांनी आधी कंप्युटरचा बटन दाबला. मी बोललू, शेट, पॅनेल आधी. तर मना बोलला, दामूकाका, आज तुजा दिस नाय, मागं उभा रव."

कॉम्प्रेसर नंतर सुरू झाला तेव्हा कंप्युटर बंद पडायला हवा होता. पण समारंभासाठी अशोकशेठनी खास नवीन यूपीएस आणला होता, त्यामुळे तो चालूच राहिला. तिथून पुढे तीन दिवस कोणी त्याला हात लावला नाही, मी फोनवर शहाणपण सांगेपर्यंत.

आता चित्र स्पष्ट होतं. कोल्ड स्टोरेजची तापमान मोजणारी पेटी पॅनेलमध्ये होती, पॅनेलच्या विजेवर. माझा ड्रायव्हर सुरू होताना पेटीला विचारायचा, "आहेस का?" उत्तर आलं नाही तर रांग सोडून घरी जायचा. पाहुण्यांनी बटण दाबलं तेव्हा पॅनेल बंद होतं. ड्रायव्हर निघून गेला. जाताना त्यानं स्क्रीनवर तशी ओळही लिहिली असणार, पण ती झेंडूच्या मागे. लोडिंगची पेटी ऑफिसच्या बोर्डावर होती, ती जागी होती. तिच्या ड्रायव्हरला पहिलं टोकन मिळालं, १२७. आणि माझ्या ऑइल पेंटनुसार १२७ म्हणजे कोल्ड स्टोरेज. कंप्युटर तीन दिवस लोडिंगच्या खोलीचं तापमान कोल्ड स्टोरेजच्या नावावर छापत होता, अगदी वेळेवर आणि सुवाच्य अक्षरात.

मी हे सगळं पिंटोला सांगितलं. तो म्हणाला, "दाखवा."

दाखवायचं तर पॅनेल बंद करावं लागणार, म्हणजे कॉम्प्रेसरही. मी ते बोलायच्या आतच दामूदादा म्हणाले, "पॅनेलला हात नाय लावाचा. तवरी त्या पेटीचा फ्यूज काढताव."

त्यांनी फ्यूज काढला. मी कंप्युटर बंद करून सुरू केला. ह्या वेळी हार नव्हता. स्क्रीनवर भराभर ओळी सरकल्या आणि त्यात ती ओळ आली: कोल्ड स्टोरेजकडून उत्तर नाही. आज कोणाला कोणता नंबर दिला ह्याची यादी लिनक्स स्वतः ठेवते. ती मी उघडली. १२७ समोर लोडिंग. १२६ कोणाकडेच नाही. प्रिंटर करकरला आणि ओळ आली: कोल्ड स्टोरेज अधिक नऊ, लोडिंग रेघ.

दामूदादांनी फ्यूज परत बसवला. पुढची ओळ तशीच. घरी गेलेला ड्रायव्हर आपणहून परत येत नाही. मी कंप्युटर पुन्हा सुरू केला तेव्हा कुठे वजा वीस परत आलं.

अशोकशेठ म्हणाले, "च्यायला."

पिंटो मात्र डोकं हलवत होता. "मॅडम, असं होऊ शकतं हे दिसलं. त्या तीन दिवसांत असंच झालं, हे कशावरून? आणि खरं तापमान?"

प्रश्न रास्त होता. मला राग आला, पण रास्त होता.

"लोडिंगचा दरवाजा उघडला की तिथलं तापमान वर जातं," मी म्हटलं. "कागदावर बघा, आकडा मधेच तेरा-चौदावर जातो आणि अर्ध्या तासात खाली येतो. त्या वेळांना टेम्पो आले होते असं दिसलं, तर हा रकाना लोडिंगचाच. गेटवर वही आहे ना?"

"वॉचमन फक्त तारीख लिहितो," अशोकशेठ म्हणाले. "टाइम नाही."

दामूदादा बाहेर गेले. मला वाटलं, गेले घरी. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक जाड वही होती. पिशवीला ग्रीसचे डाग. पान्यांच्या पेटीतून आणली होती.

अशोकशेठनी वही ओळखली. "ही बंद करायला सांगितलेली ना तुला? कंप्युटर आल्यावर?"

"सांगितलेली."

"मग?"

"हात रहत नाय रे. पंचवीस वरसा तासातासानी लिवताव. तासाचा ठोका परला क पेन्सिल हातान येते."

वहीत दर तासाला कोल्ड स्टोरेजच्या भिंतीवरच्या काट्याचं तापमान आणि कॉम्प्रेसरचा दाब. मधे मधे 'द. उ.' असं लिहून वेळ. म्हणजे लोडिंगचा दरवाजा उघडा. पहिल्या दिवशी खोली गार होऊन माल आत गेल्यापासून काटा वजा एकोणीसच्या वर एकदाही आला नव्हता.

"सकाळपासून का नाही दाखवलीत?" मी विचारलं.

"बंद कराया सांगितलेली वही दाखवून कना करू? आनि बोलले आसते, आज बसून लिवली."

"मीही तेच बोललो असतो," पिंटो म्हणाला. तो प्रामाणिक माणूस होता. मग त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "अशोकशेठ, हे कागद ह्यांनी कधी बघितले?"

"कधीच नाही. किल्ली माझ्याकडे."

"डुप्लिकेट?"

"नाही."

पिंटोनं खुर्ची सरकवली. "दादा, बसा. मी कागद वाचतो. तुम्ही वही वाचा. एकमेकांचं बघायचं नाही."

दामूदादा बसले. वही त्यांनी गुडघ्यावर धरली.

"पहिला दिवस," पिंटो म्हणाला. "अकरा दहाला आकडा चढलाय."

"अकरा पाच. टेंपो. द. उ."

"एक चाळीस."

"दीडला. दुसरा टेंपो."

"चार वीस."

"सव्वाचार. बरफाची गारी."

दुसऱ्या दिवशी चार वेळा आकडा चढला होता. चारही वेळा वहीत दरवाजा उघडा. मी टेबलाची कड धरून उभी होते. तिसऱ्या दिवशी दोन जुळले. तिसरा नाही.

"एक ते एक चाळीस," पिंटो म्हणाला. "पंधरापर्यंत चढलाय. सगळ्यात जास्त."

दामूदादांनी पान खालून वर वाचलं, वरून खाली वाचलं. "नाय. कायच नाय."

"नीट बघा."

"नाय ना. तवा मी जेवाया गेलतू. टेंपो नवता."

पिंटोनं पेन खाली ठेवलं. सगळे आकडे जुळले आणि सगळ्यात मोठा एकच जुळला नाही, तर तपासनीस नेमका तोच लिहितो.

तेव्हा अशोकशेठ घसा खाकरून म्हणाले, "तो मी."

"काय?"

"काल दुपारी बायकोच्या माहेरचे आलेले. त्यांना प्लांट दाखवत होतो. लोडिंगच्या दारात फोटो काढले. दार उघडंच होतं." मग जरा थांबून, "चाळीस मिनिटं झाली असतील. सासरे सावकाश चालतात."

पिंटोनं ते लिहून घेतलं. सासऱ्यांच्या चालीसकट.

माझ्या आयुष्यात मी अनेक पुरावे बघितले, बरेचसे स्वतःच्या चुकांचे, पण इतका सरळ दुसरा बघितला नाही. वहीमुळे कळलं की कागदावरचा रकाना लोडिंगचा आहे. आणि कागदामुळे कळलं की वही त्या त्या वेळीच लिहिली आहे, कारण न बघितलेल्या कागदाशी जुळेल असं कोणी मागाहून लिहू शकत नाही. वही खरी, तर तिच्यातला वजा एकोणीस-वीसही खरा.

"आता हे कोणीतरी सही करून द्या," पिंटो म्हणाला. "चूक कोणाची, कशी."

मला साहेबांचं वाक्य आठवत होतं. मी फोन मागून घेतला आणि त्यांना सगळं सांगितलं.

"कबूल करू नकोस म्हटलं होतं," साहेब म्हणाले.

"मी नाही केलं तर त्या माणसाला करावं लागेल. तो करणार नाही. म्हणजे त्याला घरी बसवतील."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "फर्मच्या लेटरहेडवर नको. साध्या कागदावर लिही. आणि सोप्या भाषेत."

मी साध्या कागदावर लिहिलं. 'नोंदींच्या नावांमागचे नंबर मी कायमचे धरून चालले. ते दर वेळी बदलू शकतात. प्लांटच्या ऑपरेटरचा ह्यात दोष नाही.' खाली सही. पिंटोनं वहीच्या पानांच्या झेरॉक्ससोबत तो कागद पिनेनं जोडला. तेवढ्यावर न थांबता त्यानं तीन खोकी उघडून माल तपासला, आणि मग कंटेनर वेळेवर गेला.

दुसऱ्या दिवशी मी पाट्या बदलायला पुन्हा कोपरीत गेले. काम तासाभराचं होतं. लिनक्स सुरू होताना शेवटी एक फाइल वाचते. तिच्यात आपल्याला हवे ते आदेश लिहिता येतात. मी लिहिलं: आधी जुन्या पाट्या काढून टाक. ड्रायव्हर सुरू कर. आज कोणाला कोणता नंबर मिळाला ते यादीत नावानं शोध. त्या नंबरची नवी पाटी बनव. नाव सापडलंच नाही तर पाटी बनवू नकोस, प्रिंटरही सुरू करू नकोस, फक्त बोंब मार. बोंब म्हणजे अर्ध्या सेकंदाचा भोंगा, थांबून थांबून, कोणी येईपर्यंत. कालच्या पाट्यांवर विसंबायचं नाही, दर सकाळी विचारून नव्या लावायच्या. बारा-पंधरा ओळींचं काम. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, आणि मला ते येतही होतं. पण हातानं दोन पाट्या बनवायला दोन मिनिटं लागतात, आणि चाललं की आपण पुढे बघत नाही.

"भोंगा वाजला क कना कराचा?" दामूदादांनी विचारलं.

"पॅनेल बघायचं. मग कंप्युटर बंद करून चालू करायचा."

"म्हंजे पॅनेल आधी, कंप्युटर शेवटी."

"हो."

"ता मी लिवून देतलू आसता," ते म्हणाले. त्यांनी मला चहा दिला.

अशोकशेठनी त्यांची माफी वगैरे मागितली नाही. आपल्याकडे मालक माफी मागत नाहीत. त्यांनी बाजारातून एक नवी जाड वही आणली आणि काही न बोलता पॅनेलवर ठेवली. दामूदादांनी ती पाच-सहा दिवस तशीच पडू दिली, जुनी वही भरेपर्यंत.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर मला पुन्हा बोलावणं आलं. बोर्ड तोच, पाहुणे वेगळे. प्रमुख पाहुणे हात पुढे करून कंप्युटरच्या बटणाकडे निघाले. तेवढ्यात खोलीभर माझा भोंगा वाजावा तसा अशोकशेठचा आवाज आला, "साहेब, थांबा! दामूकाका, तू आधी."

दामूदादांनी पॅनेलचा मेन टाकला. दिवे बघितले. पंप. कॉम्प्रेसर. तो नीट धापेला लागेपर्यंत प्रमुख पाहुणे हात पुढे करून चांगली पंधरा मिनिटं उभे होते. मग त्यांनी बटण दाबलं. टाळ्या वाजल्या.

हार ह्या वेळी पॅनेलला होता. मॉनिटर मोकळा होता आणि मी त्यावरची प्रत्येक ओळ वाचली.

त्यानंतर कुठल्याही कामावर गेले की मी आधी मालकाला भेटायचे, चहा घ्यायचे, त्याच्या अपेक्षा लिहून घ्यायचे. मग, ज्याच्या हातात स्विच असतो तो माणूस शोधायचे आणि विचारायचे, "तुम्ही हे सुरू कसं करता? पहिल्यापासून सांगा." मालकाच्या अपेक्षांची वही अजून माझ्याकडे आहे. ती मला कधी उपयोगी पडलेली नाही.